कोल्हापूर ते लंडन: अंतर किती, विमानाला वेळ किती? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझा धाकटा भाऊ लंडनला असतो. आईला घेऊन मी दोनदा जाऊन आले आणि एकदा आई एकटीच गेली. तेव्हापासून गल्लीत, ऑफिसात, लग्नकार्यात कुणाचा मुलगा किंवा मुलगी तिकडं निघाली की फोन मला येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून सगळी उत्तरं एकदाच नीट लिहून काढलीत. मी राजारामपुरीतनं निघते, तुम्ही कागल, हुपरी, गारगोटी जिथनं निघत असाल तिथला वेळ त्यात मिळवा.

कोल्हापूर ते लंडन नेमकं किती किलोमीटर?

हवेतनं सरळ मोजलं तर साधारण साडेसात हजार. पण कोल्हापुरातनं सरळ कुणी जात नाही, आधी मुंबई गाठायची आणि तिथनं पुढं. मुंबई ते हीथ्रो (लंडनचा मोठा विमानतळ) हे हवाई अंतर साधारण ७,२०० किलोमीटर आहे, कोल्हापूर ते मुंबई रस्त्यानं साधारण ३८० किलोमीटर आणि रेल्वेनं पाचशेच्या वर, कारण रेल्वे मिरज, सांगली, सातारा, पुणे असा वळसा घेऊन जाते. म्हणजे घरातनं निघाल्यापासनं धरलं तर ७,६०० ते ७,७०० किलोमीटरचा प्रवास झाला. अंदाज यावा म्हणून सांगते, कोल्हापूर-मुंबईच्या वीस खेपा एका दमात केल्या तर जेवढं अंतर होईल तेवढं.

विमानाला किती तास लागतात?

मुंबईहून थेट विमान असेल तर जाताना पावणेदहा ते साडेदहा तास धरा आणि येताना साडेआठ ते सव्वानऊ. तिकिटावर जो वेळ दिसतो तो नुसता उडण्याचा नसतो बरं का, गेटवरनं विमान मागं ढकललं तेव्हापासून ते तिकडच्या गेटला लागेपर्यंतचा असतो, त्यात मुंबईला रनवेसाठी रांगेत थांबणं आलं आणि हीथ्रोवर उतरायच्या आधी आकाशात घिरट्या घालणं पण आलं. हीथ्रोला दोनच रनवे आहेत आणि गर्दी प्रचंड, त्यामुळं दहा-पंधरा मिनिटं गोल गोल फिरवलं तर घाबरू नका, ते रोजचं आहे. आई पहिल्यांदा गेली तेव्हा खिडकीतनं तेच वळण नदीचं तीनदा दिसलं आणि तिनं माझा हात घट्ट धरला, वाट चुकलं का गं म्हणाली.

मग घरातनं निघून घरात पोचेपर्यंत एकूण किती वेळ?

हा खरा प्रश्न आहे आणि हा फार कमी लोक विचारतात. सगळे "दहा तासांत लंडन" एवढंच डोक्यात ठेवतात आणि म्हाताऱ्या माणसांना पण तेच सांगतात, मग बिचारी माणसं प्रवास सुरू व्हायच्या आधीच दमलेली असतात.

मी आमचा हिवाळ्यातला हिशोब सांगते. सोमवारी रात्री आठला घरातनं निघालो, महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मंगळवारी सकाळी दादरला उतरलो, तिथनं टॅक्सीनं एअरपोर्ट, दुपारी सव्वाला विमान, दहा तास उडून तिकडच्या घड्याळात संध्याकाळी पावणेसहाला उतरलो. इमिग्रेशन, सामान, मग भावाच्या गाडीतनं त्याच्या घरी, तेव्हा तिथं रात्रीचे आठ वाजले होते आणि कोल्हापुरात मध्यरात्र उलटून दीड. म्हणजे साडेएकोणतीस तास, त्यातले विमानातले फक्त दहा. म्हणून मी कुणालाही सांगताना "दीड दिवस धरा" असंच सांगते. पुढं काही पटापट झालं तर चांगलंच आहे की.

वेळेत किती फरक आहे? कधी साडेपाच म्हणतात कधी साडेचार.

दोन्ही बरोबर. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असतं आणि उन्हाळ्यात साडेचार. मार्चच्या शेवटच्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागं घेतात, आपण काहीच करत नाही, त्यामुळं फरक बदलतो. हे साडेपाच कुठनं आलं तर आपली भारतीय वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरवलीय, जी रेघ उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळनं जाते, आणि पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, ८२.५ ला १५ नं भागा, साडेपाच येतं. कोल्हापूर त्या रेघेच्या बरंच पश्चिमेला, ७४ अंशांच्या थोडं पुढं आहे, म्हणून आपल्याकडं सूर्य सरासरी बाराला नाही तर साडेबाराच्या सुमाराला डोक्यावर येतो.

लक्षात राहायला एक उदाहरण देते. नोव्हेंबरात अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं गाभाऱ्यात येतात तेव्हा आपल्याकडं साधारण पावणेसहा झालेले असतात, त्याच वेळी भावाच्या ऑफिसात सव्वाबारा. तो डबा उघडत असतो आणि आई इकडनं फोनवर सांगत असते, आत्ता किरणं पायापर्यंत आली, आत्ता कमरेपर्यंत.

आमच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं आहेत, दुसरं लंडनचं. वर्षातनं दोन रविवारी आई स्टुलावर चढून ते बदलून घेते, आम्ही कुणी हात लावायचा नाही.

जाताना जास्त वेळ आणि येताना कमी, असं का? अंतर तर तेच आहे.

वाऱ्यामुळं. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडनं पूर्वेकडं जाणारे जोरदार वाऱ्यांचे पट्टे असतात, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ताशी दीडशे किलोमीटर तर सहज, हिवाळ्यात तर त्याहून खूप जास्त. लंडनला जाताना विमान त्या वाऱ्याच्या तोंडावर जातं, येताना वारा पाठीमागनं ढकलतो. पंचगंगेत प्रवाहाच्या विरुद्ध पोहलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. विमानाचा स्वतःचा वेग दोन्ही वेळी तोच असतो, ताशी नऊशेच्या आसपास, पण जमिनीच्या हिशोबानं समोरच्या पडद्यावर जो आकडा दिसतो त्यात जाता-येताना शे-दोनशेचा फरक सहज दिसतो. बघत बसा, वेळ चांगला जातो.

काही लोक सांगतात की पृथ्वी फिरते म्हणून फरक पडतो, विमान वर थांबलं की खालनं पृथ्वी सरकते वगैरे. तसं नाही. हवा पण पृथ्वीबरोबरच फिरत असते.

पडद्यावर विमान वाकडं का जातं? नकाशात तर सरळ जवळ दिसतं.

घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. मी भाच्याला हे करून दाखवलं होतं. दोरा भिंतीवरच्या नकाशातल्या सरळ रेघेवरनं जात नाही, वरच्या अंगानं जातो, पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राच्या बाजूनं पूर्व युरोपात. गोलावर तोच सगळ्यात जवळचा रस्ता. सपाट कागदावर पृथ्वी पसरवली की तो रस्ता वाकडा दिसतो, एवढंच.

आता खरं विमान त्या दोऱ्यावरनं जातंच असं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं आकाश युद्धामुळं बंद झालं, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपल्या हद्दीतनं जायला बंदी केली, मध्येच कधी इराणकडचं आकाश बंद होतं. मग विमानं खालनं, अरबी समुद्र, आखात, तुर्कस्तान अशी जातात. दिल्लीच्या विमानांना याचा फटका जास्त बसतो, मुंबई दक्षिणेला असल्यामुळं तेवढा नाही, पण वीस-तीस मिनिटं इकडं तिकडं होतात. म्हणून कुणी दोन वर्षांपूर्वीचा अनुभव सांगून "नऊच तास लागतात की" म्हणालं तर त्यांचंही खरं असू शकतं, तुम्ही मात्र आपल्या तिकिटावरचा वेळ धरा.

उजळाईवाडीतनं थेट लंडनचं विमान का नाही?

हा प्रश्न पोरं विचारतात आणि मला आवडतो. आपला उजळाईवाडीचा कोल्हापूर विमानतळ काही कालचा नाही, छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात १९३९ साली तो झाला, मधली बरीच वर्षं तिथं नियमित विमान नव्हतं, २०१८ पासून उडान योजनेत परत सुरू झालं आणि मार्च २०२४ मध्ये नवीन टर्मिनल पण झालं, बाहेरनं जुन्या वाड्यासारखी कमान केलेलं. पण धावपट्टी आहे १,९३० मीटरची. मुंबईची मोठी धावपट्टी जवळजवळ साडेतीन किलोमीटरची आहे आणि हीथ्रोची एक तर ३,९०२ मीटर.

धावपट्टी लांब का लागते तर वजनामुळं. लंडनपर्यंत जाणाऱ्या मोठ्या विमानाचं उड्डाणावेळचं वजन अडीचशे टनांपर्यंत जातं, त्यात नुसतं इंधनच पन्नास टनांच्या आसपास. आपल्याकडं पंख्याची जी एटीआर विमानं येतात ती माणसं, सामान, इंधन सगळं धरून २३ टनांची असतात. म्हणजे लंडनच्या विमानातलं नुसतं इंधन हे आपल्या दोन भरलेल्या एटीआरपेक्षा जड आहे. ऊस भरलेली ट्रॉली चढाला लावताना ट्रॅक्टरला किती मागनं जोर घ्यावा लागतो ते आपण बघतोच, तसंच हे. आणि दुसरं म्हणजे रोज तीनशे माणसं कोल्हापुरातनं लंडनला जायला पाहिजेत, इमिग्रेशन-कस्टम पाहिजे. तेव्हा आत्ता तरी मुंबई.

मुंबईपर्यंत कसं जावं?

चार रस्ते आहेत आणि चारही मी करून बघितलेत.

महालक्ष्मी एक्स्प्रेस. दुपारचं विमान असेल तर माझं पहिलं मत हिलाच. रात्री नऊच्या आत सुटते, झोपून जाता येतं, सकाळी सातच्या सुमारास दादर. दादरलाच उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊन परत उलटं येऊ नका. दादरहून एअरपोर्टच्या टर्मिनल दोनला सकाळी टॅक्सीनं तास धरा. फक्त तिकीट आधीच काढा, विमानाचं काढलं त्याच दिवशी रेल्वेचं पण डोक्यात घ्या, वेटिंगवर राहून ऐनवेळी धावपळ नको.

स्वतःची किंवा भाड्याची गाडी. सामान जास्त असलं आणि म्हातारी माणसं असली की हे सोपं वाटतं, दारात बसायचं आणि एअरपोर्टच्या दारात उतरायचं. वेळ मात्र कागदावर सात तास आणि प्रत्यक्षात आठ-नऊ. कराडजवळ नि पुढं रस्त्याची कामं चालू असतात तिथं डायव्हर्जन, मग खंबाटकी, मग पुण्याचं बाहेरचं ट्रॅफिक, मग घाट आणि शेवटी पनवेलनंतर मुंबई आहेच. शनिवार-रविवार आणि सणाच्या आदल्या दिवशी दहा तास धरले तरी चूक नाही. रात्री दोनचं विमान असेल तर मी दुपारी बाराला निघा सांगते, लोक हसतात, हसू देत.

ट्रॅव्हल्स. रात्रीची स्लीपर स्वस्त पडते, पण कुठं उतरवणार ते बसायच्या आधी नीट विचारून घ्या, पहाटे पाचला हायवेच्या कडेला दोन मोठ्या बॅगा घेऊन उभं राहायची वेळ येऊ नये.

विमान. कोल्हापूर-मुंबई तासाभराचं. उतरल्यावर कुठल्या टर्मिनलला उतरलात ते बघा, लंडनचं विमान टर्मिनल दोनवरनं सुटतं आणि तुमचं देशातलं विमान टर्मिनल एकला उतरलं असेल तर मधलं अंतर रस्त्यानं जावं लागतं, सामान घेऊन. ट्रॅफिकमध्ये त्याला पण अर्धा-पाऊण तास जातो.

वेगवेगळी तिकिटं काढली तर चालतात का? स्वस्त पडतात.

मला हे महागात पडलंय म्हणून जरा सविस्तर सांगते. पहिल्या वेळी मी कोल्हापूर-मुंबईचं तिकीट एका कंपनीचं वेगळं काढलं आणि मुंबई-लंडनचं दुसऱ्या कंपनीचं वेगळं, दोन पीएनआर. मध्ये सात तास ठेवले होते, मला वाटलं खूप झाले. सकाळी उजळाईवाडीला पोचलो तर धुकं, एक तास, दोन तास, आणि मग विमान रद्द. कंपनीनं त्या तिकिटाचे पैसे परत दिले, पण पुढच्या विमानाची जबाबदारी त्यांची नव्हती आणि नियमानं नव्हतीच. तिथनंच गाडी केली, आई मागच्या सीटवर जपमाळ घेऊन बसली, ड्रायव्हरनं जीव काढून गाडी आणली, पण टर्मिनलवर पोचलो तेव्हा काउंटर बंद होऊन वीस मिनिटं झाली होती. विमान अजून गेटवरच उभं होतं. काउंटरवरची मुलगी पण हळहळली, पण आत घेता येत नाही म्हणाली. दोन माणसांची नवीन तिकिटं, एका रात्रीचं लॉज, आणि आईचं ते गप्प बसणं.

म्हणून दोन गोष्टी. एक तर सगळा प्रवास एकाच पीएनआरवर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे जाऊ देत पण तसाच घ्या, मग एक विमान चुकलं तर पुढं पोचवायची जबाबदारी कंपनीची असते आणि बॅग पण बहुतेक वेळा थेट शेवटच्या ठिकाणी टॅग होते. आणि वेगवेगळं काढायचंच असेल तर आदल्या दिवशी मुंबईत जाऊन मुक्काम करा, नातेवाईक असतातच कुणीतरी डोंबिवली-ठाण्याला.

थेट विमान घ्यावं का दुबई-दोहा करून?

अंतरात फारसा फरक नाही हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. मुंबई-दुबई साधारण १,९०० किलोमीटर आणि दुबई-लंडन साधारण ५,५००, मिळून ७,४००, म्हणजे थेटपेक्षा दोनशेच किलोमीटर जास्त. दुबई वाटेतच आहे जवळजवळ. वाढतो तो मधे थांबायचा वेळ. तीन-साडेतीन तास, मग थांबा, मग सात-साडेसात तास. थांबा दोन-तीन तासांचा असला तर एकूण साडेतेरा-चौदा तासांत जमतं, आठ तासांचा असला तर अख्खा दिवस गेला.

तरुण माणसं, पैसे वाचवायचेत, पाय मोकळे करायला बरं वाटतं, तर एक स्टॉप घ्या. आई-वडील एकटे जाणार असतील तर थेटच. मुंबईहून हीथ्रोला एअर इंडिया, ब्रिटिश एअरवेज, व्हर्जिन अटलांटिक यांची थेट विमानं आहेत. विमान बदलणं म्हणजे नुसतं उतरून चढणं नसतं, परत सिक्युरिटी, परत गेट शोधणं, मधे ट्रेन, आणि सगळ्या पाट्या इंग्रजी-अरबीत. सत्तरीच्या माणसाला हे कशाला.

पावसाळ्यात जायचंय, काही वेगळं?

हो. जुलै-ऑगस्टमध्ये तिकीट असेल तर राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी रोज बघत चला. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी, हे कोल्हापुरात लहान पोराला पण पाठ असतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि पुण्याकडचा रस्ताच बंद झाला होता, रेल्वेची पण तीच गत. लंडनला जाणारं विमान मुंबईहून वेळेवर सुटतं, त्याला आपल्या पुराचं काय. पाणी चाळिशीच्या जवळ यायला लागलं आणि वर धरणातनं विसर्ग वाढला अशी बातमी आली की बॅगा भरा आणि दोन दिवस आधीच पुण्याला किंवा मुंबईला जाऊन बसा. उशिरा निघण्यापेक्षा बहिणीकडं दोन दिवस जास्त राहिलेलं बरं.

तिकिटावर १५ तारीख आणि वेळ ०२:१० लिहिलीय, म्हणजे कधी निघायचं?

चौदा तारखेला. हा प्रश्न छोटा आहे पण यात माणसं फसतात, आमच्या ओळखीतलं एक कुटुंब पंधराला रात्री थाटात एअरपोर्टवर पोचलं, विमान आदल्या रात्रीच गेलेलं. रात्री बारानंतर तारीख बदलते. पंधरा तारखेचं दोन दहाचं विमान म्हणजे चौदाला रात्री दहाला तुम्ही टर्मिनलवर पाहिजे आणि कोल्हापुरातनं चौदाला दुपारी बाराच्या आसपास गाडी सुटली पाहिजे. कॅलेंडरवर पंधराला गोल करू नका, चौदाला करा.

किती आधी पोचावं?

तीन तास म्हणतात, कोल्हापूरकरांनी चार धरावेत. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतात, वरती माझं काय झालं ते वाचलंच असेल.

आई-बाबा पहिल्यांदाच आणि एकटे जाणार आहेत, जमेल का त्यांना?

जमतं. आई ६८ वर्षांची असताना एकटी गेली, तिला इंग्रजी चार शब्दांपलीकडं येत नाही. पण तयारी आपण करायची.

व्हीलचेअर सांगून ठेवा. तिकीट काढतानाच सांगायचं, नाहीतर निदान ४८ तास आधी कळवायचं, त्याचे पैसे लागत नाहीत. माझी आई देवळाच्या पायऱ्या चढते, जोतिबाला जाते, ती व्हीलचेअर म्हटल्यावर रागावली, मी काय पांगळी आहे का. मी तिला सांगितलं की ही खुर्ची चालण्यासाठी नाही, वाट दाखवायला माणूस मिळावा म्हणून आहे. तो माणूस चेक-इनपासून विमानाच्या दारापर्यंत नेतो आणि तिकडं उतरल्यावर दारातनं इमिग्रेशन, सामान, बाहेर भाऊ उभा होता तिथपर्यंत. हीथ्रोवर चालणं खरंच फार आहे, धडधाकट माणूस दमतो.

एक कागद करा. आईच्या पर्समध्ये मी एक कार्ड दिलं होतं, त्यावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात मुलाचं नाव, पत्ता, फोन, किती दिवस राहणार, परतीच्या तिकिटाची तारीख. खाली मराठीत तेच, म्हणजे आपण काय दाखवतोय ते तिला पण कळावं. इमिग्रेशनच्या साहेबानं विचारलं की तिनं पासपोर्टबरोबर तेच पुढं केलं. तो हसला आणि शिक्का मारला, असं ती अजून सांगते.

विमानात दर दीड-दोन तासांनी उठून चालायला सांगा, बसून बसून पायात रक्त साकळू शकतं, ज्यांना आधीचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरला विचारून घ्यावं. पाणी मागून प्यायला सांगा, माणसं लाजतात आणि दहा तास तशीच बसतात. शाकाहारी जेवण तिकिटात आधी नोंदवा. आणि शाल हातातल्या पिशवीतच पाहिजे, बाहेर उणे पन्नास असतं आणि आत पण बऱ्यापैकी गार.

बीपी-शुगरच्या गोळ्या कुठल्या घड्याळानं घ्यायच्या?

हे तुमच्या डॉक्टरला निघायच्या आधी विचारा, मी सांगणार नाही, इन्सुलिन असेल तर नक्कीच विचारा, कारण दिवस साडेपाच तासांनी लांबतो. आम्ही विमानात आईचं मनगटी घड्याळ कोल्हापूरच्या वेळेवरच ठेवलं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या वेळा त्यावर बघितल्या. औषधं हातातल्या पिशवीत, चिठ्ठीसकट. मोठ्या बॅगेत टाकायची नाहीत.

चटणी-लोणचं, खोबरं, पेढे चालतात का?

कांदा-लसूण मसाला चालतो, नीट सील करून मोठ्या बॅगेत, नाहीतर सगळ्या साड्या तिखटाच्या. लोणच्याचं तेल गळतं, डबल पिशवी करा, हातातल्या पिशवीत तर लोणचं नकोच, १०० मिलीच्या वरचं पातळ काही तिथं चालत नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका, तेलामुळं पेट घेण्याचा धोका असतो म्हणून चेक-इनमध्ये मनाई आहे. पॉवर बँक उलट, ती हातातल्या पिशवीतच. आणि पेढे, तूप, खवा, तसंच सुकं मटण वगैरे ब्रिटनमध्ये नेता येत नाही, दुधाच्या आणि मांसाच्या पदार्थांना तिकडं बंदी आहे. अंबाबाईचा प्रसाद म्हणून पेढेच पाहिजेत असं असेल तर साखरफुटाणे न्या.

पोचल्यावर किती दिवस झोप बिघडते?

साधारण एक तासाच्या फरकाला एक दिवस धरा, म्हणजे चार-पाच दिवस. जाताना त्रास कमी, कारण दिवस लांबतो, फक्त पहाटे तीनला टक्क जाग येते. येताना जास्त, रात्री दोन वाजले तरी डोळा लागत नाही. पोचल्या पोचल्या दुपारी झोपू नका, उजेडात चालून या.

पूर्वीची माणसं कशी जायची?

याच्यासाठी मी मुद्दाम वेळ काढून लिहिते, कारण या रस्त्यावर कोल्हापूरची माणसं फार आधीपासून आहेत.

१८७० साली कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (विमानतळाच्या काळातले नव्हेत, त्यांच्या आधीचे) इंग्लंडला गेले. तेव्हा कोल्हापुरात रेल्वे पण नव्हती, ती १८९१ मध्ये आली. परत येताना इटलीत फ्लॉरेन्सला ३० नोव्हेंबर १८७० ला त्यांचं निधन झालं, वय अवघं वीस. आर्नो नदीच्या काठी आपल्या पद्धतीनं दहन झालं आणि तिथं त्यांची छत्री अजून उभी आहे, शेजारच्या पुलाला पण तिथले लोक "भारतीयाचा पूल" म्हणतात. भावाकडं जाणं झालं तेव्हा आम्हाला फ्लॉरेन्सला जाता आलं नाही, पण मला जायचंय. विमान आल्प्सच्या अलीकडं असताना मी आईला सांगितलं की खाली डावीकडं तो देश आहे, आणि तिनं खिडकीकडं बघून हात जोडले.

मग १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज गेले, सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला. केंब्रिजनं त्यांना एलएलडी ही मानद पदवी दिली. आणि महाराज तिकडं असतानाच, २६ जुलै १९०२ ला, संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये निघाला. फोन नाही, मेल नाही, बोटीनं टपाल जायला आठवडे, तरी काम थांबलं नाही.

बोटीनं मुंबई ते लंडन सुएझ कालव्यातनं साधारण साडेअकरा हजार किलोमीटर. कालवा १८६९ ला उघडला, त्याआधी आफ्रिकेला वळसा घालून जायचं तर वीस हजाराच्या आसपास. विमान आलं ते बरंच नंतर, ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं "मलबार प्रिन्सेस" मुंबईहून निघालं, कैरो आणि जिनिव्हाला थांबत १० जूनला लंडनला पोचलं. आज तेच आपण दोन जेवणं आणि एका झोपेत करतो.

कुठल्या बाजूची खिडकी घ्यावी?

दिवसाच्या विमानात जाताना उजवी, ऊन कमी लागतं. आणि उतरताना बहुतेक वेळा हीथ्रोला विमान पूर्वेकडनं, शहरावरनं येतं, तेव्हा उजव्या बाजूनं थेम्स आणि लंडन छान दिसतं. म्हाताऱ्या माणसांना मात्र कडेची सीट, उठायला बरी.

पोचल्याचा फोन कधी येईल, किती वाट बघायची?

विमान उतरल्यावर लगेच येईल असं धरू नका. तिकडं संध्याकाळी सहाला उतरलं तर हिवाळ्यात आपले साडेअकरा वाजलेले असतात, गेटला लागायला वीस मिनिटं, इमिग्रेशनला कधी अर्धा तास कधी दीड, मग सामान. भारतातलं सिम तिकडं रोमिंगशिवाय चालत नाही, म्हणून रोमिंग निघायच्या आधी सुरू करून, एकदा फोन लावून बघून घ्या. आम्ही असं ठरवलंय, आई बाहेर आली की भाऊ आधी फक्त फोटो पाठवतो, बोलणं घरी पोचल्यावर. विमान कुठं आहे ते मोबाईलवर दिसतं, फ्लाइटचा नंबर टाकला की झालं. आई एकटी गेली तेव्हा मी आणि शेजारच्या काकू रात्री साडेअकरापर्यंत ते छोटं पिवळं विमान बघत बसलो होतो, लंडनवर आल्यावर ते गोल गोल फिरायला लागलं आणि काकू उठून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, बसा काकू, रांगेत आहे, उतरेल आता.